बैल जुंपून पाहता, मग ड्रायव्हर का नाही?

शेतकरी बंधूंनो, बाजारात बैल घ्यायला गेलात तर तुम्ही काय करता? दात पाहता, खूर पाहता, पाठीवरून हात फिरवता. पण तेवढ्यावर कोणी नोटा मोजून देतो का? नाही. आपण म्हणतो, ‘जुंपून दाखवा.’ गाडीला जुंपून, ओझं ओढायला लावून, चढाला मान टाकतो का, उताराला बिचकतो का, हे पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. दावणीला उभा असलेला बैल कसाही देखणा दिसतो. खरा बैल कळतो तो ओढाला लागल्यावर.

आता दुसरा प्रश्न. बैलजोडीच्या कितीतरी पट किमतीचा ट्रॅक्टर आणि त्यामागे आठ-दहा टनांचा माल आपण ज्याच्या हाती देतो, त्या ड्रायव्हरला आपण कधी जुंपून पाहिलंय का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असंच येईल. आणि यात चूक एकट्या तुमची नाही. आपल्याकडची परीक्षाच तशी आहे.

परीक्षा रिकाम्या गाडीवर

आपल्याकडे वाहन चालवण्याच्या परवान्याची परीक्षा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ प्रमाणे होते. नियम तसा वाईट नाही. उमेदवाराला आरसा नीट लावता आला पाहिजे, गिअर वेळेवर बदलता आला पाहिजे, गाडी मागे घेता आली पाहिजे, चढावर थांबवून मागे न घसरता पुन्हा पुढे काढता आली पाहिजे, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण गाडीत किंवा ट्रॉलीत किती भार असावा, याचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे तालुक्याच्या कॅम्पला पोरगा जातो, रिकामी गाडी मैदानात फिरवून दाखवतो आणि परवाना घेऊन येतो. आणि पुढच्याच महिन्यात कारखान्याचं बॉयलर पेटलं की तोच पोरगा उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून रात्रीच्या अंधारात रस्त्यावर असतो.

कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ज्या ट्रॅक्टरचं रिकामं वजन ७५०० किलोपेक्षा जास्त नाही, तो हलक्या मोटार वाहनात मोडतो. आपले शेतावरचे ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी खाली आहेत. ट्रॉली जोडल्यावर परवाना चालतो की नाही, यावरून विमा कंपन्या आणि अपघातग्रस्त यांच्यात पुष्कळ खटले झाले. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या ड्रायव्हरने मालाची ट्रॉली जोडली म्हणून त्याचा परवाना निकामी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका निकालात सांगितलं. पुढे २०१७ मध्ये, आणि मग ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, असा निर्वाळा दिला. गरीब ड्रायव्हरच्या आणि अपघातग्रस्ताच्या दृष्टीने हा दिलासाच आहे. विमा कंपनीला एक पळवाट कमी झाली.

पण बंधूंनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. न्यायालयाने कागद चालतो की नाही ते सांगितलं. ज्याच्या खिशात कागद आहे, त्याला भरलेली ट्रॉली उतारावर धरता येते की नाही, हे न्यायालय सांगू शकत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागणार.

ओझं काय करतं?

‘चालवणं ते चालवणं, रिकामी काय नि भरलेली काय,’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा साधा हिशेब दाखवा. समजा, ट्रॅक्टरचं वजन दोन टन आहे आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने चालला आहे. म्हणजे सेकंदाला तो जवळपास ७ मीटर जातो. पुढे काही आडवं आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. ते ७ मीटर गेले. मग ब्रेक लागल्यावर नुसता ट्रॅक्टर समजा ५ मीटरमध्ये उभा राहिला. एकूण १२ मीटर.

आता त्याच ट्रॅक्टरला आठ टनांची भरलेली ट्रॉली लावा. एकूण वजन दहा टन झालं, म्हणजे पाचपट. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर दोन टनांना थांबवणारा ब्रेक आता दहा टनांना थांबवणार. ढोबळ मानाने ५ मीटरचे २५ मीटर झाले. त्यात सुरुवातीचे ७ मिळवा. १२ मीटरमध्ये थांबणारा ट्रॅक्टर आता ३२ मीटर, म्हणजे शंभर फुटांच्या वर, जाऊन थांबतो. आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यानंतरचं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं. रिकाम्या ट्रॅक्टरवर शिकलेल्या पायाला या २० मीटरच्या फरकाची सवयच नसते. शाळा सुटलेली असताना किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्यावर २० मीटर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट तुमच्या वाडवडिलांना चांगली माहीत होती. बैलगाडी भरताना माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर दाब येतो. म्हणून जाणता गडी माल मधोमध तोलून भरायचा. एका आसाच्या ट्रॉलीचंही तेच आहे. माल मागे भरला तर ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग वर उचलते, मागच्या चाकांची जमिनीवरची पकड जाते आणि ब्रेक लागूनही चाकं नुसती घसरतात. उलट दांडीवर फार दाब आला किंवा चढावर मागची ओढ वाढली, की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. दांडी नेमून दिलेल्या जागेपेक्षा उंच अडकवली असेल तर तो मागे पलटीही होतो. रिकाम्या ट्रॅक्टरवर परीक्षा देताना यातलं काहीच अनुभवाला येत नाही.

तिसरी गोष्ट उताराची. डिझेल वाचवायचं म्हणून घाटात, उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलेत. न्यूट्रल केलं की इंजिनाचा रोध गेला, सगळा भार ब्रेकवर आला. वेग वाढला की मग गिअर पडत नाही. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढ चढला असतास त्याच गिअरमध्ये उतार उतर. हा नियम रिकाम्या ट्रॅक्टरवर मोडला तरी चालून जातं, भरलेल्यावर एकदाच मोडता येतो.

परदेशात काय केलं?

हा प्रश्न काही आपल्या एकट्याचा नाही. युरोपातही पूर्वी बऱ्याच ठिकाणी रिकाम्या लॉरीवर परीक्षा व्हायची. मग युरोपीय संघाने परीक्षेच्या गाडीचं प्रत्यक्ष वजन ठरवून दिलं. २००६ च्या परवाना निर्देशात हे स्पष्ट आहे. मोठ्या लॉरीच्या परवान्यासाठी परीक्षेला आणलेली गाडी किमान १२ टन क्षमतेची आणि ८ मीटर लांबीची हवी, आणि काट्यावर तिचं प्रत्यक्ष वजन किमान १० टन भरलं पाहिजे. ट्रेलर जोडलेल्या लॉरीसाठी क्षमता २० टन, लांबी १४ मीटर आणि प्रत्यक्ष वजन किमान १५ टन. मोटारीमागे जोडायच्या ट्रेलरच्या परीक्षेतसुद्धा ट्रेलरचं वजन किमान ८०० किलो पाहिजे. शिवाय लॉरीची पेटी बंद आणि केबिनइतकी रुंद व उंच असावी लागते. कारण उघड आहे. मागच्या काचेतून पाहून गाडी मागे घेण्याची सोय राहू नये, आरशांवरच भिस्त ठेवावी लागावी. उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली ट्रॉली चालवणाऱ्याला यातलं मर्म लगेच कळेल.

ब्रिटनने १५ नोव्हेंबर २०१४ पासून परीक्षेच्या गाडीत भार सक्तीचा केला. आणि भार कशाचा? पाण्याचा! एक हजार लिटरच्या चौकोनी टाक्या भरून लॉरीवर पक्क्या बांधायच्या. साध्या लॉरीवर अशा पाच, जोड-लॉरीवर आठ. यातलं शहाणपण पाहा. एक हजार लिटर पाणी म्हणजे बरोबर एक टन. टाकी काठोकाठ भरली आहे एवढं पाहिलं की वजनकाट्याची गरज नाही. परीक्षा झाली की पाणी सोडून देता येतं. टाकी काठोकाठच का? अर्धी असली तर पाणी हेलकावे खातं आणि गाडीला ओढून नेतं.

नुसतं चालवणं येऊन तिथे भागत नाही. ट्रेलरच्या परीक्षेत गाडी आणि ट्रेलर जोडून आणि सोडवून दाखवावे लागतात. युरोपच्या नियमात तर असं लिहिलंय की सुरुवातीला ट्रेलर गाडीच्या मागे सरळ रेषेत नव्हे, शेजारी उभा असला पाहिजे. म्हणजे उमेदवाराने गाडी वळवून, मागे घेऊन, नेमकी दांडीपाशी आणून जोडायची. जर्मनीत तर शेतीच्या ट्रॅक्टरसाठी ‘टी’ नावाचा वेगळा परवाना आहे. तो सोळाव्या वर्षी मिळू शकतो, पण परीक्षा द्यावी लागते ती मागे ट्रेलर जोडूनच.

हं, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे नियम महागात पडतात. भरलेली गाडी, टाक्या, मोठं मैदान, सगळ्याला पैसा लागतो. तो खर्च शेवटी शिकणाऱ्याच्या फीमध्ये येतो. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये लॉरी ड्रायव्हरांची टंचाई झाली. तेव्हा परीक्षक मोकळे व्हावेत म्हणून सरकारने मोटारीमागच्या ट्रेलरची वेगळी परीक्षाच बंद करून टाकली. त्यावर तिथे टीकाही झाली. पण लॉरीच्या परीक्षेतला भार त्यांनी काढला नाही. २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही काढला नाही. छोट्या ट्रेलरला सूट दिली, मोठ्या ओझ्याला दिली नाही. यावरून काय ते समजा.

आपल्याकडे टाकी आहेच

ब्रिटनची ती पाण्याची टाकी वाचून तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं? उन्हाळ्यात वाडी-वस्तीवर पाणी घेऊन येणारा ट्रॅक्टरचा टँकरच आला असेल. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे पाण्याचेच पाच टन, टाकी आणि चाकं वेगळी. एका वस्तीवर अर्धा टँकर ओतून ड्रायव्हर दुसऱ्या वस्तीकडे निघतो, तेव्हा ते अर्धं पाणी आत मोकळं झालेलं असतं. ब्रेक दाबला की पाणी पुढे धाव घेतं, वळणावर बाहेरच्या बाजूला. आत आडवे पत्रे नसतील तर भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा टँकर जास्त दगा देतो. हे ज्याला ठाऊक नाही, तो टँकर चालवायला तयार झालेला नाही, मग परवाना कितीही जुना असो.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांना विनंती आहे. टँकर लावताना तुम्ही परवाना आणि विमा पाहता, ते बरोबरच आहे. त्याबरोबर एक अर्धा तास काढा. भरलेला टँकर गावच्या मैदानात आणायला सांगा आणि ड्रायव्हरला थांबवून, वळवून, मागे घेऊन दाखवायला सांगा. आणि एक विसरू नका. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेसुद्धा मोटार वाहनच आहे. तेव्हा ट्रॅक्टरचा विमा पाहिलात तसा ट्रॉली-टँकरची नोंदणी आणि विमाही पाहा.

गावातच घ्या परीक्षा

केंद्राचा नियम बदलणं जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाच्या हातात नाही, तो दिल्लीत बदलतो. ग्रामसभेने ठराव करून खासदारांकडे पाठवायला हरकत नाही, तो पाठवावाच. पण तोपर्यंत थांबायचं कशाला? दसरा झाला, हंगाम तोंडावर आला की गावातले ट्रॅक्टरमालक, मुकादम आणि कारखान्याचा गटाचा माणूस यांनी एक सकाळ काढावी. सार्वजनिक रस्त्यावर नव्हे, मोकळ्या सपाट मैदानात किंवा कापणी झालेल्या रानात. मडगार्डवर आणि ट्रॉलीत कोणी बसू नये, पोरंबाळं लांब ठेवावीत. आणि मग एकेका ड्रायव्हरला जुंपून पाहावं.

पहिलं, जोडणी. ट्रॉली बाजूला उभी करून ठेवा. चाकाला दगड लावला का, ट्रॅक्टर मागे घेताना माणूस मध्ये उभा केला का, पिनेला खालून क्लिप घातली का, साखळी अडकवली का, हे पाहा. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणारा ड्रायव्हर इथेच नापास.

दुसरं, ब्रेकचे पाय. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात. नांगरटीत वळायला ते बरे. पण रस्त्यावर दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या पाहिजेत. भरल्या ट्रॉलीसह एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉली अंगावर येते. ड्रायव्हरने न सांगता ती जोडणी तपासली तर समजा, माणूस जाणता आहे.

तिसरं, थांबणं. जमिनीवर फक्कीची एक रेघ मारा. आधी रिकामी ट्रॉली, मग अर्धी, मग भरलेली. प्रत्येक वेळी तोच सावकाश वेग आणि रेघेवर ब्रेक. ट्रॅक्टर कुठे थांबला तिथे खुंटी ठोका. तीन खुंट्यांमधलं अंतर ड्रायव्हरने आपल्या पायांनी मोजावं. वर दिलेला हिशेब कागदावर वाचून विसरला जातो, पायांनी मोजलेला विसरत नाही.

चौथं, चढ आणि उतार. हलक्या चढावर आधी अर्धा भार लावून थांबवा आणि मागे न घसरता पुढे काढायला सांगा. उतरताना कोणता गिअर टाकला ते पाहा. हात न्यूट्रलकडे गेला की खाली उतरवा.

पाचवं, मागे घेणं. दोन ट्रॉल्या मागे घेणं भल्याभल्यांना जमत नाही, ते सोडा. पण एक भरलेली ट्रॉली वळणावर मागे घेता आली पाहिजे. नाही जमली तर खाली उतरून पाहण्याची तरी सवय पाहिजे.

जो यात कमी पडला त्याला हिणवू नका. त्याला आठ दिवस जुन्या ड्रायव्हरबरोबर शेत ते गाव एवढ्याच अंतरावर, एका ट्रॉलीवर ठेवा. खोंड शिकवताना आपण पहिल्या दिवशी भरलेली गाडी लावतो का? आधी ओंडका ओढायला लावतो. माणसाला एवढी तरी सवलत द्या.

आता तुम्ही म्हणाल, ‘आमचा पोरगा दहा वर्षांचा असल्यापासून ट्रॅक्टर चालवतो, त्याची कसली परीक्षा घेता?’ तो चांगला चालवत असेल. पण अठराच्या आत त्याला रस्त्यावर पाठवलंत तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वर गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि अठरा पूर्ण झाले असतील, तर रेघ मारा आणि भरलेली ट्रॉली घेऊन त्याला बोलवा. चांगला चालवत असेल तर त्यालाही आवडेल, आणि तुमच्या मनालाही घोर राहणार नाही.

हंगामात खेपेवर पैसा मिळतो, म्हणून घाई असते. काट्यावर रांग असते, ड्रायव्हरला दोन-दोन रात्री झोप नसते. अशा वेळी कोणाला काही शिकवता येत नाही. जे शिकवायचं ते बॉयलर पेटायच्या आधी. एक सकाळ, पाच-सहा लिटर डिझेल आणि थोडी फक्की, एवढाच खर्च आहे. बाजारात बैल जुंपून पाहायला आपण यापेक्षा जास्त वेळ घालवतो.